एनएमध्ये एनबीचं १.८ इंजिन: काळा धूर, न विझणारा बॅटरीचा दिवा आणि चिकटलेला काटा

तुमचा प्रश्न वाचताच जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. १९९० ची माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी, म्हणजे एनए), तिचं मूळ १.६ इंजिन काढून १९९९ च्या एनबीचं (दुसऱ्या पिढीचं) १.८ बसवलंय, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग जुन्या गाडीचंच. इंजिन लगेच सुरू होतं, पण काळा धूर येतो, बॅटरीचा दिवा विझत नाही आणि ऑइल प्रेशरचा काटा हलत नाही. इंजिन खराब निघालं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. विकणाऱ्याशी भांडायच्या आधी पुढचं वाचा.

दोन्ही पिढ्यांची १.८ इंजिनं बीपी घराण्यातलीच, त्यामुळे बोल्ट जागच्या जागी लागतात आणि काम झालं असं वाटतं. पण एनबीत माझदाने कामांची वाटणीच बदलली. पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरून) टाकीत गेला आणि अल्टरनेटरचं चार्जिंग ईसीयू ठरवू लागला. ऑइल प्रेशरच्या सेन्सरच्या जागी साधा स्विच तर त्याआधीच, १९९४ नंतरच्या एनएपासून आला होता. तुम्ही इंजिन आणलंत, पण त्याची टाकी आणि ईसीयू त्या गाडीतच राहिले. आता ही तीन कामं करणारं तुमच्या गाडीत कोणीच नाही. म्हणून इंजिनवरचा जो भाग नुसता फिरतो किंवा भार पेलतो तो नव्या इंजिनचा चालेल, पण ज्याची वायर किंवा पाइप गाडीकडे जातो तो जुन्या गाडीच्या पद्धतीचाच हवा.

पहिलं पेट्रोल, कारण त्यात धोका आहे. एनबीच्या रेलला एकच तोंड दिसलं म्हणून तुम्ही रिटर्नच्या पाइपात बोल्ट घालून क्लिप आवळली, असं लिहिलंय. तो बोल्ट निघेपर्यंत इंजिन सुरू करू नका. एनएच्या टाकीतला पंप पूर्ण जोराने पेट्रोल ढकलतो आणि नको असलेलं रिटर्नने परत येईल असं धरून चालतो. वाट बंद केली की दाब पंपाच्या ताकदीपर्यंत चढतो. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब दुप्पट झाला की पेट्रोल सुमारे ४१ टक्के जास्त. त्यात एनबीचे इंजेक्टर १.६ च्या इंजेक्टरपेक्षा मुळातच मोठे. धूर येणारच. धुरापेक्षा वाईट म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, ऑइल कालच भरलेलं असलं तरीही.

रेल बदलायची गरज नाही. रेलच्या अलीकडे पुरवठ्याच्या पाइपात टी-जोड टाका, तिथून बायपास पद्धतीचा रेग्युलेटर आणि रेग्युलेटरमधून जुन्या रिटर्न पाइपला. रेल बंद टोकाचीच राहते, दाब अलीकडे सांभाळला जातो. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडायला विसरू नका. मीटर लावून पाहा: नळी काढलेली असताना ३ बारच्या आसपास, नळी जोडून आयडलवर २ ते २.६ बार. पाइप इंजेक्शनच्या दाबाचा हवा. कार्ब्युरेटरचा पाइप इथे टिकत नाही. पाइप सोडण्याआधी इंजिन चालू ठेवून पंपाचा रिले काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे दाब उतरतो. जोडणी झाल्यावर बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधल्या एफ/पी आणि जीएनडी या पिना तारेने जोडून किल्ली ऑन केली की इंजिन न फिरवता पंप चालतो. गळती तेव्हाच शोधा, हाताशी अग्निशामक ठेवून.

आता अल्टरनेटर. सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप इथे जातो, म्हणून सविस्तर लिहितो. एनएच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो; बाहेरून एल आणि एस अशा दोन वायरी, एक दिव्याची, एक व्होल्टेज बघायची. एनबीच्या अल्टरनेटरला स्वतःचं डोकं नाही. त्याच्या पी आणि डी वायरी ईसीयूकडे जातात आणि ईसीयू हुकूम देईल तेवढंच तो चार्ज करतो. तुमच्या १९९० च्या ईसीयूला असा हुकूम देताच येत नाही. अल्टरनेटर शंभर टक्के चांगला असूनही बॅटरी भरणार नाही.

ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं नेमकी इथेच माणसाला फिरवतात. नाव घेत नाही, पण एका मोठ्या म्हणवणाऱ्या दुकानाचा अनुभव असा: अल्टरनेटर बाकावर लावला, पास झाला, "वायरिंग बघा" म्हणून परत पाठवला. वायरिंग ठीक निघाल्यावर "मग अल्टरनेटरच बदला" म्हणून त्याच जातीचा दुसरा विकला, आणि अर्थातच तोही चार्ज करेना. कारण साधं आहे. चाचणीचं यंत्र ईसीयूचा हुकूम स्वतःच देतं, म्हणून बाकावर तो नेहमीच पास होतो. हा कोणत्या गाडीला लागणार आणि त्या गाडीचा ईसीयू तो चालवतो का, हे काउंटरवर कोणी विचारत नाही. मजुरी मात्र प्रत्येक वेळी घेतात. या प्रकाराचा मला मनापासून राग आहे.

त्याहून घातक सल्ला म्हणजे फील्डच्या (अल्टरनेटरमधल्या चुंबकाच्या) वायरीला सरळ १२ व्होल्ट द्या. तसं केलं की दिवा विझतो आणि माणूस खूश होतो, पण आता आवर घालणारं कोणी नाही. आरपीएम वाढले की व्होल्टेज १६ च्या पुढे जातं, ईसीयू आणि बल्ब जातात. आणि या गाडीची बॅटरी डिकीत असते. जास्त चार्ज होऊन उकळणारी बॅटरी बंद डिकीत हायड्रोजन सोडते. बॅटरीची हवा बाहेर नेणारी नळी जागेवर आहे का, हे आजच बघा.

सरळ उपाय: एनएचा अल्टरनेटर. १९९४ ते ९७ च्या १.८ चा मिळाला तर उत्तम. तुमचा जुना १.६ चा लावणार असाल तर ब्रॅकेट आणि पट्ट्याची रेषा सरळपट्टी धरून तपासा. पट्टा तिरका चालला तर बेअरिंग खातो. बसवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत, दिवे आणि पंखा लावूनही.

काट्याचं काम छोटं आहे, जागा मात्र अडचणीची. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत खरा गेज आहे आणि त्याला दाबानुसार रोध बदलणारा मोठा सेन्सर लागतो. जुन्या ब्लॉकवरचा काढून ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला, इनटेकखाली लावा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्या सेन्सरची अर्थिंग आट्यांमधूनच होते. तोवर काट्यावर विश्वास ठेवू नका. हाताने लावायच्या मेकॅनिकल गेजने दाब एकदा मोजा.

क्लचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. १.६ चं फ्लायव्हील १.८ वर बसतं, पण त्याचा क्लच २०० मिमीचा, १.८ चा २१५ मिमी. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आलीच तर १.८ चा पूर्ण संच घाला आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग नवं टाका. डिफरन्शिअलही लक्षात असू द्या: १.६ च्या क्राउन व्हीलचा व्यास ६ इंच, १.८ चा ७. झटक्याने क्लच सोडायची सवय असेल तर तो ६ इंची फार काळ साथ देणार नाही. बदलताना प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही हाफ शाफ्टही १.८ चेच लागतात, नुसता डिफ बसत नाही.

एवढं झाल्यावरही इंजिन रिच (गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर) चालत असेल तर पुढचा संशय इंजेक्टरवर. १.६ चा ईसीयू झडपेच्या एअरफ्लो मीटरने हवा मोजतो आणि स्वतःच्या लहान इंजेक्टरच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. तिथे मला स्वतंत्र ईसीयू हाच सरळ रस्ता वाटतो. झडपेची स्प्रिंग घट्ट करत बसणाऱ्यांशी माझं पटत नाही. इग्निशनचं टायमिंग मात्र आधी तपासा: त्याच डायग्नोसिस बॉक्समधल्या टीईएन आणि जीएनडी पिना जोडून, ८५० आरपीएमला, पिस्टन वर पोहोचण्याच्या १० अंश आधी. स्ट्रोब दिव्याने बघा, अंदाजाने नाही.

हे सगळं तुमच्या वर्णनावरून लिहिलंय, गाडी समोर नाही. देशोदेशी वायरिंगमध्ये फरक असतात, म्हणून वायर कापण्याआधी तुमच्या वर्षाचा नकाशा बघा. नोंदणीसाठी इंजिन क्रमांकाचा फोटो अजून काढला नसेल तर इनटेकखाली हात घालाल तेव्हाच काढून ठेवा. बोल्ट काढून रेग्युलेटर लावलात की आयडलवरचा दाब, नळी काढल्यावरचा दाब आणि बॅटरीवरचं व्होल्टेज एवढे तीन आकडे इथे टाका. सीएएस (कॅमच्या टोकाला बसणारा अँगल सेन्सर, ज्यावरून तुमचा ईसीयू टायमिंग ठरवतो) कोणत्या पद्धतीने बसवलात तेही लिहा, कारण एनबीच्या कॅमला सीएएसची खाच कशी केली आहे यावर टायमिंगचं पुढचं सांगता येईल.