कार्यक्रमात कागदाऐवजी टॅबलेट

प्रश्न : मी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो. स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवर लिहिलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपीची) पाने वाजवता वाजवता उलटणे अवघड जाते. कार्यक्रमात टॅबलेटवर विसंबावे का?

उत्तर : अवश्य विसंबावे, मात्र पुरेशा तालमीनंतरच. ब्रसेल्स फिलहार्मोनिक या बेल्जियममधील वाद्यवृंदाने २०१२ मध्येच टॅबलेटवरून वादन केले होते. व्हायोलिनवादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे खरा उपयोग होतो तो ब्लूटूथवर चालणाऱ्या, पायाने दाबून पान उलटायच्या पेडलचा. त्याच्या जोडीला स्वरलिपी दाखवणाऱ्या ॲपमधील अर्धे पान पालटण्याची सोय वापरावी. तीत पुढच्या पानाचा वरचा भाग दिसू लागतो आणि चालू पानाचा खालचा भाग तसाच राहतो, त्यामुळे पेडल थोडे आधी दाबले गेले तरी वाचन तुटत नाही. टॅबलेटचा पडदा सुमारे १३ इंचांचा असावा, कारण ए-४ कागदाचा कर्णच १४ इंचांहून अधिक असतो आणि लहान पडद्यावर स्वरचिन्हे फार बारीक होतात.

मंचावर जाण्यापूर्वी एअरप्लेन मोड लावून ब्लूटूथ पुन्हा सुरू करावे (ते बंद राहिले, तर पेडल चालतच नाही) आणि पडदा आपोआप बंद होण्याची सोय थांबवावी. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला असून फार तापल्यास त्याचा पडदा मंद होतो. म्हणून भर दुपारच्या खुल्या मंचावर, चिमटे लावलेला कागदच मला अधिक भरवशाचा वाटतो.