दोन ओळींची मिडसाइझ एसयूव्ही: बुक करण्याआधी ती एकदा भरून चालवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी नवीकोरी आहे, व्हिडिओवाले सगळे खूश आहेत, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं (धाकटा अजून चाइल्ड सीटमध्ये) आणि गुडघे दुखणारी आई. सीटची तिसरी ओळ नको, पण पाच जण सामानासकट नीट बसले पाहिजेत. तर बुक करून टाकू का?

या वर्गातल्या दोन गाड्या मी स्वतः वापरल्या आहेत आणि मित्र-नातेवाइकांसाठी शोरूमचे उंबरे किती झिजवले त्याचा हिशोब नाही. लगेच बुक करू नका, आधी ही गाडी भरून चालवून बघा.

ते व्हिडिओ कसे होतात बघा. एकटा माणूस, फार तर शेजारी एक कॅमेरावाला, डिकी रिकामी, टायरमध्ये हवा अगदी मोजून मापून. अशा अवस्थेत या वर्गातली गाडी हल्ली सहसा वाईट चालत नाही. तुम्ही मात्र ती पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन चालवणार. माणसं सरासरी ७० किलोंची धरली तर ३५० किलो झाले, वर सामान ८० किलो, म्हणजे ४३०. १७०० किलोंच्या गाडीवर हा तिच्या वजनाचा चौथा हिस्सा झाला. पिकअप, ब्रेक, सस्पेन्शन, हेडलाइट, अॅव्हरेज सगळं बदलतं.

म्हणून पहिला आकडा अश्वशक्तीचा नाही, वजन वाहण्याच्या क्षमतेचा विचारा. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन वजा रिकामं वजन, इतकंच ते गणित. सेल्समनला बहुतेक ठाऊक नसतं, मॅन्युअलमध्ये सापडतं. दोन ब्रोशरांची तुलना करताना मात्र सांभाळा. युरोपच्या पद्धतीत रिकाम्या वजनातच ७५ किलोंचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते, इतरत्र चालक बहुधा धरत नाहीत. सनरूफची मोठी काच, मोठी चाकं, हायब्रिडची बॅटरी, हे सगळं याच क्षमतेतून वजा होतं. त्यामुळे पुष्कळदा सगळ्यात महागडं व्हेरियंट सगळ्यात कमी वजन उचलतं. टपावर कॅरियर लावणार असाल तर त्याची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते, शिवाय त्यावरचं सामानही एकूण वजनात मोजायचं असतं.

आता डिकी. इथे मी स्वतः फसलोय. माझ्या पहिल्या गाडीच्या ब्रोशरात डिकी ५०० लिटरच्या वर होती. मी आकडा वाचला, मान डोलावली आणि सही केली. पहिल्याच लांबच्या प्रवासाला बाबागाडी आत जाईना. आडवी टाकली तर चाकांच्या कमानी आडव्या यायच्या, उभी केली तर मागची तिरकी काच तिच्या दांड्याला टेकायची. शेवटी ती सासूबाईंच्या पायांवर गेली आणि पुढचे सहा तास मला आरशात बघायचा धीर झाला नाही.

यात कंपनी खोटं बोलली नव्हती. डिकी मोजायची जी व्हीडीए नावाची पद्धत आहे, तिच्यात २० बाय १० बाय ५ सेंमीचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि किती मावले ते मोजतात. एवढे लहान ठोकळे कानाकोपऱ्यात बसतात, बाबागाडी बसत नाही. त्यातही कोणी डिकी झाकणाऱ्या पडदीपर्यंत मोजतं, कोणी थेट छतापर्यंत. त्यामुळे लिटर विसरा आणि खिशात टेप घेऊन जा. चाकांच्या कमानींमधली रुंदी, दाराच्या तोंडाची उंची आणि सामान ज्या काठावरून आत ढकलायचं त्याची जमिनीपासूनची उंची, एवढं पुरे. शक्य असेल तर बाबागाडीच घेऊन जा, सेल्समन हसला तरी चालेल.

तिथेच डिकीचा तळ उचलून स्टेपनी बघा. पूर्ण मापाची आहे, बारीक तात्पुरती आहे, की नुसती पंक्चर दुरुस्तीची बाटली? तात्पुरत्या चाकावर सहसा ८० किमी ताशीची मर्यादा लिहिलेली असते. भरल्या गाडीला, रात्री, घरापासून लांब हा फरक फार मोठा असतो.

मग मागची सीट. दोन ओळींच्या एसयूव्हीत तुम्ही मुख्यतः दुसऱ्या ओळीचे पैसे देताय, आणि नेमकी तीच कोणी धड तपासत नाही. आधी गाडीचं गोत्र शोधा. काही गाड्या तीन ओळींच्या मोठ्या भावंडातून तिसरी ओळ काढून केलेल्या असतात. माझ्दाची सीएक्स-७० म्हणजे जवळजवळ सीएक्स-९०च, फक्त तिसरी ओळ नाही. टाटाच्या दोन ओळींच्या हॅरिअरचा आणि तीन ओळींच्या सफारीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, एकच, २७४१ मिमी. २०१९ सालची होंडा पासपोर्ट तीन ओळींच्या पायलटच्याच व्हीलबेसवर, फक्त लांबीला साधारण १५ सेंमी कमी. अशा गाड्यांत रुंदी आणि डिकी ऐसपैस मिळते. मागचं सस्पेन्शन पुष्कळदा सात जणांचं वजन मनात धरून बसवलेलं असतं, त्यामुळे रिकामी असताना गाडी मागून उडते आणि भरल्यावर शहाण्यासारखी वागते. नेमकी हीच गाडी टेस्ट ड्राइव्हला नापास होते.

दुसरं कुळ म्हणजे लहान गाडीचा सांगाडा ताणून केलेल्या. लांबी वाढवता येते, रुंदी तितकी नाही. मग पाय पसरायला जागा मिळते आणि खांदे मात्र भांडतात. मोठ्या माणसाचा खांदा ४५ ते ५० सेंमी धरा. तिघांचे १४० च्या आसपास होतात. मागच्या दारापासून दारापर्यंत खांद्याच्या उंचीवर टेप लावा आणि याहून कमी भरलं तर पाच आसनी हा शब्द कागदापुरता समजा. तुमच्या बाबतीत तर एका बाजूला चाइल्ड सीट कायमची, म्हणजे उरलेल्या जागेत थोरला आणि आई. ती चाइल्ड सीट शोरूममध्येच आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून बघा. बेल्टचं बक्कल तिच्याखाली दडपलं जातं का आणि पुढची सीट किती पुढे सरकवावी लागते, हे तिथेच कळेल.

स्वतः मागे निदान वीस मिनिटं बसा, गाडी चालू असताना. दोन मिनिटांत सगळ्याच सीट मऊ वाटतात. बॅटरी तळात असलेल्या गाड्यांत फरशी वर येते, मग गुडघे वर उचलले जातात आणि मांडीखाली आधार उरत नाही. तासाभराने कंबर बोलायला लागते. मधल्या जागेलाही डोकं टेकायला उशी आणि तीन बिंदूंचा बेल्ट हवा. सनरूफमुळे डोक्यावरची जागा किती गेली तेही तिथेच कळतं.

सुरक्षेतही मागच्या ओळीचं वेगळं विचारा. पुढच्या सीट गेल्या काही दशकांत फार सुधारल्या, मागच्या रेंगाळल्या. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने हे लक्षात घेऊन २०२२च्या अखेरीस आपली समोरासमोरच्या धडकेची एक जुनी चाचणी बदलली आणि चालकाच्या मागे लहान चणीच्या बाईएवढा किंवा १२ वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवला. आधीच्या चाचणीत छान गुण मिळवणाऱ्या बऱ्याच गाड्या यात गडगडल्या. तेव्हा नुसतं 'पाच स्टार आहेत ना' असं विचारून थांबू नका. कोणत्या संस्थेचे, कोणत्या वर्षीच्या नियमांनुसार, कोणत्या व्हेरियंटला आणि मुलांसाठीचे गुण किती, हे विचारा. मागच्या बेल्टना धडकेच्या क्षणी ताणून धरणारे प्रीटेन्शनर आणि छातीवरचा दाब मर्यादेत ठेवणारे लोड लिमिटर आहेत का? ब्रोशरात नसतील तर गाडीत नाहीतच असं धरून चाला.

चाकांवर थोडं जास्त बोलतो, कारण इथे लोक दिसण्यावर जातात. समजा खालच्या व्हेरियंटला २३५/६५ आर१७ आहेत आणि वरच्याला २३५/५५ आर१९. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा इंचांत. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच. पण टायरची भिंत पहिल्याची सुमारे १५३ मिमी, दुसऱ्याची १२९. मधल्या २४ मिमी रबराने जो खड्डा गिळला असता तो आता रिमला आणि तुमच्या आईच्या पाठीला लागतो, आणि भरल्या गाडीत जास्तच जोरात. मी तर दोन्ही वेळा लहान चाकंच घेतली. शेजाऱ्याची १९ची फोटोत सुरेख दिसतात, हे मान्य.

हवेचाही एक मुद्दा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात बहुधा दोन रकाने असतात, हलक्या भाराचा आणि पूर्ण भाराचा. दुसरा रकाना वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला.

आणि हेडलाइट. माझ्या दुसऱ्या गाडीला पहिल्या वर्षी रात्री समोरचे सगळे डिपर मारायचे. मला वाटायचं, लोकांना ड्रायव्हिंगची शिस्तच नाही. वर्षभराने मॅन्युअल चाळताना कळलं की डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एक लहान चक्री आहे. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर येतं आणि बीम थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो त्या चक्रीने खाली घ्यायचा असतो. नव्या गाडीत हे आपोआप होतं की हाताने करायचं, ते बघून घ्या.

इंजिनाचं मी थोडक्यात उरकतो. पाच जण बसवून एखाद्या चढावर थांबा आणि तिथून गाडी उचला. लहान टर्बो पेट्रोल असेल तर टर्बो जागा होईपर्यंतचा तो एक क्षण कसा जातो ते बघा. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर चढावर रांगणाऱ्या गर्दीत ती कशी वागते ते महत्त्वाचं, कारण तिथे क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो, ड्राय क्लच, म्हणजे तेलात न बुडवलेला, असेल तर जास्तच. अशा वापरासाठी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी साधी ऑटोमॅटिक मला बरी वाटते. टोयोटाच्या पूर्ण हायब्रिडमधल्या ई-सीव्हीटीला लोक नावावरून पट्ट्याची सीव्हीटी समजतात, पण तिच्यात पट्टा नसतो, ग्रहमालेसारखी गिअरची रचना असते. १९९७च्या प्रियसपासून ती कल्पना चालत आली आहे. डिझेल घेणार आणि रोज चार-पाच किमीच चालवणार असाल तर नको. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली काजळी जाळायला गाडी बराच वेळ तापलेली राहावी लागते, नाहीतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा ठरलेला. फोर व्हील ड्राइव्ह चिखल-बर्फाचा नेम असेल तरच घ्या, नाहीतर ते वजन आणि इंधनाचा खर्च उगाच.

पडद्यांबद्दल माझं मत जुनाट आहे, पण युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरो एनसीएपीने २०२६पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असण्याला गुण ठेवले, तेव्हापासून जरा कॉलर ताठ करून सांगतो. काच पुसायची खूण पडद्यावर शोधावी लागत असेल तर ती गाडी पावसात चालवून बघा.

राहिला नवेपणा. गाडी नवी म्हणजे नक्की काय नवं, हे मोजा. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स आणि पडद्यांची यंत्रणा, या चारांतलं एखादंच नवं आणि बाकी जुन्या गाडीतून आलेलं असेल तर पहिल्या बॅचची भीती फारशी बाळगू नका. तीन किंवा चारही नवी असतील तर सहा महिने ते वर्ष थांबा. तोवर दारांचे खडखडाट, गोठणारे पडदे आणि पहिले रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, बाहेर आलेले असतात. 'पुढच्या महिन्यात वेटिंग वाढणार' हे वाक्य मी प्रत्येक शोरूममध्ये ऐकलंय. वाढू दे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून इंजिन आणि गिअरबॉक्स कंपनीच्या जुन्या गाडीतलेच आहेत, पडदे तेवढे नवे. म्हणजे या बाजूने मला अडचण दिसत नाही. खालून दुसरं व्हेरियंट आणि लहान चाकं घ्या, सनरूफ नको. पण पैसे भरण्याआधी एक दिवस सगळ्यांना घेऊन जा, आईंना तर नक्कीच. सीटची उंची त्या उभ्या असताना कमरेच्या जरा खाली यायला हवी, म्हणजे चढावंही लागत नाही आणि खाली बुडावंही लागत नाही, नुसतं सरकायचं. दार पुरतं उघडतं का, पाय ठेवताना उंबरठा फार रुंद आहे का, तेही बघा. आणि त्यांना एकदा उतरायला सांगून, मदत न करता, त्या हात कुठे टाकतात ते पाहा. मधल्या खांबाला धरायला मूठ आहे की नाही हे ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.