पन्नाशीनंतर यंग अडल्ट कादंबऱ्या वाचाव्यात का, आणि त्यांतल्या चांगल्या कशा शोधाव्यात?

आपले वय पन्नाशीपुढे आहे, यंग अडल्ट म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या बालिश असतील अशी आपल्याला शंका आहे, आणि तरीही त्यांतले मनापासून आवडेल असे काही कसे शोधावे, असे आपण विचारले आहे. शोधण्याविषयी पुढे लिहितो. आधी त्या शंकेविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण याच शंकेवरून आमच्या वाचक मंडळातील एका ज्येष्ठ सदस्याशी माझा झालेला वाद अजूनही मिटलेला नाही.

पुस्तक सुचवण्याची पाळी माझी होती आणि मी मार्कस झुसाक यांची 'द बुक थीफ' सुचवली. त्या गृहस्थांचे वाचन माझ्यापेक्षा दांडगे आहे, याविषयी वाद नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतले, उलटून मागचा मजकूर पाहिला आणि 'हे नातवंडांना द्या, आपण काहीतरी भरीव वाचू' असे म्हणून ते बाजूला सारले. मला राग आला आणि तो रास्तच होता. हीच कादंबरी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रौढांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००६ मध्ये अमेरिकेत किशोरवयीनांसाठी म्हणून. कादंबरी तीच राहिली; बदलला तो पुस्तकांच्या दुकानातला कप्पा.

हे सांगितल्यावर त्यांनी मुद्दा बदलला. अशा पुस्तकांत 'पुढे काय झाले' यापलीकडे काही नसते, असे ते म्हणू लागले. नेमका हाच आक्षेप या कादंबरीला मुळीच लागू पडत नाही. नाझी जर्मनीतली ही कथा प्रत्यक्ष मृत्यू सांगतो, आणि रूडी नावाचा मुलगा मरणार आहे हे तो कितीतरी आधी सरळ सांगून टाकतो. कादंबरीची नायिका लीझल हिचे पुस्तक कोणीतरी नदीत भिरकावले आहे, रूडी ऐन डिसेंबरात त्या पाण्यात उतरून ते मिळवतो आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तिच्याकडे चुंबन मागतो. हा प्रसंग वाचताना त्या मुलाचे पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते आणि म्हणूनच त्याचा तो हट्ट सोसवत नाही. उत्कंठेचा आधार स्वतःहून सोडून देणाऱ्या लेखकाला बालिश म्हणायचे असेल, तर भरीव कशाला म्हणायचे, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

मी त्यांना आणखी एक विचारले होते. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी मुलगा आहे, 'वनवास'मधले सगळे जग त्याच्याच डोळ्यांनी दिसते, आणि हे गृहस्थ त्या कथांविषयी भरभरून बोलतात. मग निवेदकाचे वय तिथे आड येत नाही आणि इथेच कसे येते? यावर त्यांनी विषय बदलला.

आता शोधण्याविषयी. सर्वाधिक खपाच्या याद्यांपासून सुरुवात करू नका. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून किशोरवयीनांसाठीच्या पुस्तकांना केवळ वाङ्मयीन गुणवत्तेवर दिला जातो. त्याच्या विजेत्यांइतकीच सन्मानप्राप्त पुस्तकांची यादीही पाहावी. 'द बुक थीफ' त्या दुसऱ्या यादीत आहे. प्रौढांसाठीही लिहिणाऱ्या लेखकांकडे आधी वळावे. घरात किंवा ओळखीत कोणी किशोरवयीन वाचक असेल, तर 'कोणते चांगले आहे' असे न विचारता 'कोणते पुन्हा वाचलेस' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मुले मोठ्यांना रुचेल असे उत्तर देतात. पुस्तक हाती आले की मोठी माणसे कशी रंगवली आहेत ते पाहा. आईवडील आणि शिक्षक केवळ अडथळा म्हणून उभे केले असतील, तर ते पुस्तक खुशाल सोडून द्या.

या प्रकारात सुमार पुस्तके पुष्कळ आहेत, हेही सांगितले पाहिजे. एका मुलीवर दोघांचे प्रेम, जुलमी राजवट, निवडलेला एकमेव तारणहार, हा साचा इतका वापरला गेला आहे की आपली शंका त्या पुस्तकांपुरती योग्यच आहे. कथा पुरी न करता पुढच्या भागासाठी लटकत ठेवणाऱ्या मालिकांपासूनही सावध राहावे. शिवाय एखाद्याला कुमारवयाचा निवेदकच नको असेल, तर तो आवडीचा प्रश्न आहे, त्याला मी दोष देणार नाही. माझे भांडण न वाचता निकाल देणाऱ्यांशी आहे.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर उर्सुला ले ग्विन यांची १९६८ मधली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. प्रकाशकाने किशोरवयीनांसाठी काही लिहा असे सुचवले म्हणून ती लिहिली गेली, आणि तिचा नायक गर्वाच्या भरात स्वतःच मोकळ्या सोडलेल्या सावलीशी झुंजतो. ती आकारानेही लहान आहे. मंडळात माझी पाळी पुन्हा येईल तेव्हा मी तीच सुचवणार आहे, आणि या वेळी चर्चेत बोलण्याआधी प्रत्येकाने ती पूर्ण वाचलेली असावी, अशी अट आधीच घालणार आहे.