डेमियन इतका उद्धट का?

प्रश्न : ‘बॅटमॅन’ कॉमिक्समधला डेमियन वेन सगळ्यांनाच तुच्छ लेखतो. नुसता लाडावलेला पोरगा आहे का?

उत्तर : लाड कुठले! तो वाढला आजोबा रास अल घुलच्या मारेकऱ्यांच्या टोळीत. बाप कोण (खुद्द बॅटमॅन!) हे कळायलाही त्याला वाढदिवशी आईशी, तालियाशी, लढून जिंकावं लागे. त्यामुळे आपुलकीसुद्धा कमवावी लागते, अशी त्याची पक्की समजूत. २००६च्या कथेत तो एका गुन्हेगाराचं मुंडकं उडवतो आणि वर बापाच्या शाबासकीची अपेक्षा धरतो. तेव्हाचा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार, असलेल्या टिम ड्रेकवर हल्लाही ती जागा ‘जिंकायला’च! २००९मध्ये डिक ग्रेसनने, म्हणजे पहिल्या रॉबिनने, स्वतः बॅटमॅन झाल्यावर त्याला रॉबिन केलं. त्याच्या विश्वासाने पोरगा हळूहळू निवळला. तोंड मात्र तसंच फटकळ. गंमत म्हणजे हाच पुढे कत्तलखान्यातली गाय घरी आणतो आणि शाकाहारी होतो.