बेळगावजवळच्या खानापूरहून गोव्याला भाजी न्यायला जुनी पिकअप घेतोय. इंजिन बघू की गिअरबॉक्स?

चोर्ला घाट रोजचा असेल तर आधी गिअरबॉक्स. इंजिनचं दुखणं लपत नाही. सकाळी थंड गाडी स्टार्ट करायला लावा (मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर तिथंच शंका घ्या). ऑइलचं झाकण काढल्यावर फकाफका धूर आला की रिंगा-पिस्टनचं काम निघालं समजा. गिअरबॉक्स मात्र उभ्या गाडीत गप्प असतो. माल भरून उतारावर दुसऱ्यात, तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप न्यूट्रलला आला तर गाडी नकोच. खालचा गिअर टाकताना खरखर झाली तर सिंक्रो रिंग (गिअर अलगद बसवणारी कडी) झिजलीय. तेवढ्यावर भाव पाडता येतो. आणि कोल्हापूरची एमएच-०९ स्वस्त दिसली तरी एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र), कर्नाटकचा टॅक्स धरूनच हिशेब करा.