तिचं मरण पेट्रोलपंपावर ठरलं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचा आठवा भाग काल रात्री दोनदा वाचला. नायिका मरते, पाऊस कोसळतो, तो आभाळाकडे बघून ओरडतो. माझे डोळे कोरडेच राहिले, आणि तुला तसं कळवल्याशिवाय मला चैन पडेना.

'द सोप्रानोज' या अमेरिकन टीव्ही मालिकेचा पाचवा सीझन काढ. त्यातला २००४ सालचा 'लाँग टर्म पार्किंग' हा भाग बघ. एड्रियाना ही न्यू जर्सीच्या माफियातल्या ख्रिस्तोफरची होणारी बायको. एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, खबरी होण्यासाठी तिला कात्रीत धरलेलं. बोलली तर त्याचीच माणसं मारणार, गप्प बसली तर तुरुंग. ही घालमेल लेखकांनी कशी दाखवली? एफबीआयच्या लोकांसमोर पहिल्यांदा बसवल्यावर ती टेबलावरच भडाभडा ओकते. पुढे पोटाचं दुखणं तिची पाठ सोडत नाही. तुझी नायिका तीन पानं बोलते गं, पण तिच्या पोटात काय कालवतंय ते मला कळलंच नाही.

शेवटी ती त्याला सगळं सांगून टाकते. तो आधी तिचा गळा आवळतो, मग तिच्यापाशीच ढसाढसा रडतो. सरकारी संरक्षण घेऊन दोघांनी दूर निघून जायचं ठरतं. सुटली बाई, असं आपल्यालाही वाटतं. तो बाहेर पडतो, पेट्रोलपंपावर थांबतो. तिथे एक कुटुंब दिसतं. खटारा गाडी, पोरंबाळं, ओढगस्तीचा संसार. तो नुसता बघत राहतो. त्या बापाच्या जागी तो स्वतःला बघतो आणि तिचं मरण तिथंच ठरतं. प्रेम खरं असूनही त्याच्याच्याने ते साधं आयुष्य पेलवणार नसतं. तुझा नायक मात्र गुंडाच्या धमकीला घाबरून तिला सोडतो. म्हणजे दोष गुंडाचा, हा मोकळा! असं त्याला सुटू देऊ नकोस.

मग टोळीचा म्होरक्या टोनी याचा तिला फोन येतो: ख्रिस्तोफरने जीव द्यायचा प्रयत्न केलाय, माझा माणूस सिल्व्हिओ तुला न्यायला येतोय. पुढच्याच दृश्यात ती एकटी गाडी चालवताना दिसते, शेजारच्या सीटवर लाल सुटकेस. आपण सुस्कारा सोडतो न सोडतो तोच कळतं की तो तिच्या मनाचा खेळ होता. ती सिल्व्हिओच्याच गाडीत आहे. रानात ती हातापायांवर रांगत चौकटीबाहेर जाते, मग गोळीचा आवाज. प्रेत दाखवलेलं नाही. ख्रिस्तोफरने टोनीला तिचं गुपित सांगितलं तो प्रसंगही दोन वर्षांनी, सहाव्या सीझनमध्ये येतो. एवढा धीर लेखकाकडे हवा. (एड्रियाना आणि ख्रिस्तोफर झालेल्या दोघा कलाकारांना २००४ साली एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. एड्रियाना झालेल्या ड्रिया द मॅटिओचा गाडीतला चेहरा पाहशील तेव्हा का ते कळेल.)

पाऊस काढून टाक, ते ओरडणंही. तुझ्या नायकाला एकट्याला कुठेतरी उभा कर. सलूनमध्ये, रेशनच्या रांगेत, कुठेही चालेल. तिथे त्याला काय दिसतं तेवढं एकच पान लिही आणि रविवारपर्यंत पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
सर