हार्ड रॉकच्या रिदमसाठी ब्रिजला कोणता पिकअप बसवावा?

स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घडणीची गिटार, ब्रिजला, म्हणजे तारा बुडाशी टेकतात तिथे, एकच हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), आणि अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल वाढवून खरखर आणणारा जोर) चढवला की पॉवर कॉर्ड गिचमिड होतात, असं तुम्ही लिहिलंय. जास्तीत जास्त आउटपुटचा, म्हणजे तारेच्या कंपनातून सर्वात मोठा विजेचा सिग्नल काढणारा पिकअप बसव म्हणजे आवाज जड होईल, असा सल्ला तुम्हाला मिळालाय आणि तो बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: त्या सल्ल्यानं तुमची अडचण वाढेल. तुम्हाला मध्यम आउटपुटचा, खर्ज घट्ट ठेवणारा हंबकर हवाय. आणि तो विकत घेण्याआधी आहे त्याच पिकअपची उंची बदलून पाहायला हवी. ते कसं करायचं ते पुढे सांगतो.

आधी गिचमिड होते कशानं ते पाहू. खालच्या ई तारेवरचा पॉवर कॉर्ड म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झचा ई आणि सुमारे १२३ हर्ट्झचा बी, षड्ज-पंचमाची जोडी. हे दोन सूर डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गेननं आणलेल्या खरखरीतून, गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. १२३ वजा ८२ म्हणजे ४१, मूळ ईच्या बरोबर एक सप्तक खालचा ई. पॉवर कॉर्डला जो भारदस्तपणा येतो तो बराचसा इथून येतो, आणि म्हणूनच यात गंधार मिसळला की आवाज फाटल्यासारखा वाटतो: गिटारवरचा गंधार (मेजर थर्ड) शुद्ध प्रमाणापेक्षा थोडा चढा असतो, आणि त्याचे वजाबाकीचे सूर बाकीच्यांशी जुळत नाहीत. थोडक्यात, डिस्टॉर्शन स्वतःच खर्ज निर्माण करतं. त्याच्या तोंडाशी तुम्ही आधीच फुगलेला खर्ज नेऊन ओतलात, तर तो आणखी फुगतो आणि उजव्या हाताचा प्रत्येक घाव त्यात बुडतो. पाम म्यूट करताना, म्हणजे तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवताना, हे सर्वात आधी ऐकू येतं. ‘चग्-चग्’ असं तुटक यायला हवं तिथे नुसती घरघर येते.

जास्त आउटपुटचा पिकअप नेमकं हेच करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेढे वाढवले की सिग्नल मोठा होतो, पण कॉइलचं इंडक्टन्सही वाढतं आणि ज्या कंप्रतेवर पिकअप सर्वात जास्त खुलतो ती खाली सरकते. वरची चमक जाते, मधला भाग आणि खर्ज पुढे येतो. शिवाय मोठा सिग्नल अ‍ॅम्पला लवकर डिस्टॉर्शनमध्ये ढकलतो, म्हणजे हळू आणि जोरात वाजवण्यातला फरक पुसला जातो. सोलो वाजवताना हे सुखाचं असतं, सूर लांब टिकतो, बोटांना आधार मिळतो. रिदमला मात्र घाव लागतो, आणि घाव म्हणजेच तो पुसला गेलेला फरक.

मग लोक असे पिकअप घेऊ का लागले? याला इतिहास आहे. हंबकर सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत १९५५ साली तयार केला, तो केवळ विजेची घूं घूं घालवण्यासाठी. दोन कॉइल उलट वळणाच्या, त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे. बाहेरून आलेली घूं एकमेकींत वजा होते आणि तारेचा सिग्नल मात्र बेरीज होऊन येतो. १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर बसू लागले, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, अशी चिठ्ठी असे. त्यावरून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. त्यांचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पना आजच्यासारखा गेन नव्हता. अ‍ॅम्प पूर्ण चढवल्याशिवाय त्यातून डिस्टॉर्शन येत नसे, त्यामुळे पिकअपनंच जास्त जोर लावावा ही गरज खरी होती. लॅरी डिमार्झिओ यांचा १९७२ चा ‘सुपर डिस्टॉर्शन’ त्या गरजेतून आला: सिरॅमिक चुंबक, भरपूर वेढे, सुमारे पावणेचौदा किलोओहम. तो उत्तम पिकअप आहे. पण आज अ‍ॅम्पमध्ये एकामागोमाग तीन-चार गेनचे टप्पे असतात, मॉडेलरमध्ये (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात) तर हवा तेवढा गेन मिळतो. पिकअपकडून जोर उसना घेण्याचं कारण उरलेलं नाही. आता त्याच्याकडून स्पष्टता मागा.

याच्या पुराव्यासाठी एसी/डीसी या रॉक बँडच्या माल्कम यंगचा उजवा हात ऐका. हार्ड रॉक रिदमचा याहून मोठा धडा मला माहीत नाही. त्याच्या ग्रेच गिटारीवर ब्रिजला एकच फिल्टरट्रॉन पिकअप होता, बाकीचे त्यानं काढून टाकले होते. फिल्टरट्रॉनचा रोध ४ किलोओहमच्या आसपास, म्हणजे पीएएफच्याही जवळजवळ निम्मा. वर जाड तारा, अ‍ॅम्पवर लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी कमी गेन, आणि ठाम हात. प्रत्येक कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि तरीही भिंत उभी राहते. जडपणा त्या वेगळेपणातून येतो, असं मी मानतो.

हे किलोओहमचे आकडे मी वारंवार देतोय, पण दुकानात त्यांच्यावर पिकअप निवडू नका. १६ चा पिकअप ८ च्या दुप्पट जोराचा असतो, हा समज फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे. हा आकडा म्हणजे फक्त तारेचा रोध. तार किती जाड यावर तो कमालीचा बदलतो: जुन्या पीएएफमध्ये ४२ गेजची, सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची तार असते. ४४ गेजची तार ०.०५ मिलिमीटरची. तेवढ्याच लांबीच्या ४४ गेजच्या तारेचा रोध दीडपटीहून जास्त भरतो, वेढा एकही न वाढवता. आणि चुंबक कोणता आहे, हे या आकड्यात कुठेच दिसत नाही. तापमानानंही तो हलतो. दहा अंश फरक पडला तर चार टक्क्यांच्या आसपास. एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपची तुलना करायला आकडा बरा, बाकी नाही.

चुंबक मात्र मनापासून विचारात घ्या. सेमूर डंकन या पिकअप कंपनीच्या ‘कस्टम’ मालिकेत याचा सुंदर दाखला आहे. कॉइल तीच, चुंबक तीन. ‘कस्टम’मध्ये सिरॅमिक, ‘कस्टम ५’मध्ये अल्निको ५ (अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू), ‘कस्टम कस्टम’मध्ये अल्निको २. सिरॅमिकचा आवाज कडक, धारदार, खर्ज आवळलेला. अल्निको ५ चा खर्ज भरीव पण ताब्यात, मधला भाग थोडा मागे, वरचा भाग मोकळा. अल्निको २ मऊ आणि गोड, सोलोला फार छान, पण जास्त गेनवर खर्ज सैल पडतो. गिटार मुळातच बसक्या आवाजाची असेल तर सिरॅमिककडे जा. ती आधीच टोचत असेल तर अल्निको ५. रिदमपुरतं बोलायचं तर अल्निको २ च्या वाटेला मी जात नाही.

आता तो प्रयोग. ब्रिजच्या पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू उंचीचे असतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार ते पोल (पिकअपमधले प्रत्येक तारेखालचे धातूचे खिळे) यांमधलं अंतर मोजा. बारीक तारेच्या बाजूला सुमारे १.६ मिलिमीटर ही नेहमीची सुरुवातीची जागा आहे. जाड तारेच्या बाजूला अडीचपर्यंत खाली उतरवा. मग पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी तोच पाम म्यूटचा तुकडा वाजवत ऐका. पिकअप तारेच्या फार जवळ असला की सिग्नल झपाट्यानं वाढतो आणि घावाचा टोकदार भाग बाकी सगळ्यावर चढून बसतो. खाली उतरवला की मोकळं होतं. तेवढ्यानं आवाज पातळ वाटला तर पिकअप खालीच ठेवून फक्त स्क्रूवाले पोल थोडे वर काढा. चमक परत येते, खर्ज फुगत नाही. हे करताना अ‍ॅम्पचा गेनही एक पायरी उतरवून पाहा. अनेकदा पिकअप बदलायची इच्छा इथेच मावळते, आणि ते चांगलंच आहे.

अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा पेडल असेल, तर त्याचा गेन जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवा. तो डिस्टॉर्शनच्या आधीच खर्ज कापतो. पिकअपनं जे करायला हवं तेच हा करतोय, त्यामुळे पेडल लावल्यावर सगळं साफ झालं, तर तुमचा रोग खर्जाचाच होता हे पक्कं समजा.

एवढं करूनही बदलायचाच असेल, तर दोन गोष्टी मोजून घ्या. ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर: गिब्सनच्या घडणीत ते साधारण ५० मिलिमीटर असतं, स्ट्रॅटच्या घडणीत बहुधा ५२ ते ५४. तुम्हाला रुंद अंतराचा पिकअप लागेल. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतात, डंकन ट्रेमबकर. दुसरं, व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणाखालचा बदलता रोध. सिंगल कॉइलच्या गिटारीत २५० किलोओहमचा असतो, हंबकरला ५०० चा लावतात. तुमच्याकडे २५० चा असेल तर तुमच्या पिकअपची चमक तिथेच दाबली जातेय, आणि एक स्वस्त सुटा भाग बदलून निम्मं काम होईल.

नावं सांगायची तर: तुमच्या वर्णनावरून मी पहिल्यांदा डंकनचा ‘५९’ ब्रिजला लावीन, जुन्या पीएएफच्या वळणाचा, अल्निको ५, सुमारे ८ किलोओहम. तो हलका वाटला तर ‘कस्टम ५’. गिटार फारच बसकी असेल तर सिरॅमिकवाला ‘कस्टम’ किंवा वर सांगितलेला ‘सुपर डिस्टॉर्शन’. डंकनच्याच ‘जेबी’ची शिफारस तुम्हाला बरेच जण करतील. त्याचा वरचा मधला भाग सोलोत गातो, पण खर्ज मला रिदमसाठी ढिला वाटतो. ईएमजी ८१ सारखे बॅटरीवर चालणारे पिकअप पाम म्यूटला फार नेटके असतात. पण हार्ड रॉकमध्ये गिटारचा व्हॉल्यूम उतरवून कडवं स्वच्छ वाजवायचं आणि ध्रुवपदाला चढवायचं, ही मजा त्यांत कमी मिळते, शिवाय पॉटही २५ किलोओहमचे लावावे लागतात. पिकअप मेणात बुडवून काढलेला आहे ना, हेही विचारा. नसला तर मोठ्या आवाजात कॉइल थरथरते आणि तो किंचाळतो.

बसवताना तारांचे रंग नव्या पिकअपच्या तक्त्यावरूनच जोडा. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. जोडल्यावर हंबकर एकटा ठीक वाजतोय, पण मधल्या सिंगल कॉइलबरोबर लावला की आवाज पोकळ आणि बारीक होतोय, असं झालं तर दोन्ही पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा सिग्नल खोडतोय. चार तारांचा हंबकर असेल तर त्याची सिग्नलची आणि अर्थिंगची तार एकमेकींच्या जागी जोडा, जाळीची उघडी तार मात्र अर्थिंगलाच राहू द्या.